आठव्या क्रमांकाचे मोल

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २८ जुलै २०२४ रोजी मनू भाकरने पिस्तुलाच्या नेमबाजीत कांस्यपदक मिळविले आणि सारा देश आनंदात न्हाऊन निघाला. ते योग्यच झाले. परंतु त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शातोरूच्या त्याच नेमबाजी केंद्रात, हरियाणातील लाडवा या छोट्याशा नगरातून आलेली रमिता जिंदाल ही तरुणी महिलांच्या दहा मीटर एअर रायफल प्रकाराच्या अंतिम फेरीत उभी होती. पात्रता फेरीत ६३१.५ गुण मिळवून ती पाचवी आली होती. अंतिम फेरीत सातवी आली. ही वार्ता आज किती जणांच्या स्मरणात आहे? पदक हुकले, की आपल्याकडे नावही पुसले जाते. आम्ही वृत्तपत्रवाले या दोषापासून मुक्त आहोत असे म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही.

रमिताच्या पाठीशी प्रशिक्षक म्हणून ज्या उभ्या होत्या त्यांचे नाव सुमा शिरूर. वीस वर्षांपूर्वी, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये, त्या स्वतः याच प्रकाराच्या अंतिम फेरीत उतरल्या होत्या आणि आठव्या आल्या होत्या. पॅरिसमध्ये मनू भाकर अंतिम फेरीत पोचेपर्यंत मधल्या काळात एकाही भारतीय स्त्री नेमबाजाला ते साधले नव्हते. सुमा शिरूर यांच्याही चार वर्षे आधी, २००० साली सिडनीत, याच प्रकारात आठवा क्रमांक मिळविणाऱ्या स्त्रीचे नाव होते अंजली वेदपाठक. विवाहानंतर त्या अंजली भागवत या नावाने देशाला परिचित झाल्या. ऑलिंपिक नेमबाजीची अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. आठवा, पुन्हा आठवा, आणि मग सातवा! चोवीस वर्षांचा हा हिशेब पदकांच्या वहीत मांडला तर बेरीज शून्य येते. आमच्या मते ही बेरीजच चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे समजून घेण्यासाठी अंजली भागवत यांच्या कारकिर्दीकडे जरा सावकाशीने पाहिले पाहिजे.

अंजली वेदपाठक यांचा जन्म ५ डिसेंबर १९६९ रोजी मुंबईत झाला. घरी वैभव नव्हते, बंदुकीची परंपराही नव्हती. शिकारीचा वा संस्थानी थाटाचा वारसा ज्या खेळाला आपल्या देशात चिकटलेला होता, त्या खेळात एका मध्यमवर्गीय मराठी मुलीचा प्रवेश झाला तो एन. सी. सी.च्या दाराने. दादरच्या कीर्ती महाविद्यालयात शिकत असताना त्या छात्रसेनेत दाखल झाल्या, आणि वरळीचे महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे केंद्र तेथून जवळ होते. केवढी साधी गोष्ट! महाविद्यालयात छात्रसेनेचे पथक होते आणि बसने जाण्याजोग्या अंतरावर नेमबाजीचे केंद्र होते. यांपैकी एक जरी नसते तरी देशाला ही नेमबाज मिळाली नसती. १९८८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी महाराष्ट्रासाठी रौप्यपदक मिळविले, तेव्हा रायफल हाती घेऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता, असे सांगितले जाते.

त्या पहिल्या पदकापासून सिडनीपर्यंतचे अंतर बारा वर्षांचे आहे. या बारा वर्षांचा विचार आपण फारसा करीत नाही. गाणे शिकणाऱ्याला बारा वर्षे षड्ज लावावा लागतो हे आपल्याला पटते. कीर्तनकाराची, नटाची, मूर्तिकाराची उमेदवारी आपण समजून घेतो. खेळाडूने मात्र एकाएकी प्रकट व्हावे आणि पदक आणून द्यावे, अशी आपली अपेक्षा असते. अंजली वेदपाठक यांनी ही उमेदवारी संजय चक्रवर्ती या गुरूच्या देखरेखीखाली केली. २०२१ साली दिवंगत झालेल्या या प्रशिक्षकाने मुंबईत बसून नेमबाजांची एक संपूर्ण पिढी घडविली. सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे या दोघीही त्याच मुशीतल्या. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

हा खेळ मुळात आहे तरी कसा? साडेपाच किलोपर्यंत वजनाची रायफल खांद्याशी टेकवून उभे राहायचे आणि दहा मीटरवरच्या निशाणावर साडेचार मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सोडायचा. निशाणावरचा दहा गुणांचा भाग म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा एक ठिपका. पेन्सिलीचे टोक टेकवावे एवढा. पूर्वी स्त्रिया पात्रता फेरीत चाळीस वेळा नेम धरीत; २०१८ पासून पुरुषांप्रमाणेच त्यांनाही साठ वेळा धरावा लागतो. छातीचा भाता, नाडीचा ठोका, पापणीची थरथर, यांपैकी प्रत्येक गोष्ट त्या ठिपक्यापासून छर्रा दूर नेण्यास पुरेशी असते. सिडनीच्या ज्या अंतिम फेरीत अंजली वेदपाठक आठव्या आल्या, त्या फेरीत अमेरिकेच्या नॅन्सी जॉन्सनला ४९७.७ गुणांवर सुवर्ण मिळाले आणि कोरियाच्या कांग चो-ह्यूनला ४९७.५ गुणांवर रौप्य. पन्नास छर्ऱ्यांनंतर दोघींत दोन दशांशांचे अंतर! अशा खेळात आठवा क्रमांक म्हणजे जगातल्या पहिल्या आठ जणींत स्थान, आणि तेही वाइल्ड कार्डवर प्रवेश मिळालेल्या खेळाडूला. तिला पराभूत म्हणायचे असेल तर शब्दकोशच बदलावा लागेल.

सिडनीनंतर जे घडले ते या आठव्या क्रमांकाचे पहिले व्याज होते. २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत त्यांनी चार सुवर्णपदके पटकावली. दोन एअर रायफलमध्ये, दोन थ्री पोझिशन प्रकारात. दोन एकट्याने, दोन जोडीने. एअर रायफलच्या जोडीत त्यांच्या सोबत सुमा शिरूर होत्या. त्याच वर्षी त्या दहा मीटर एअर रायफलच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोचल्या आणि म्यूनिकमध्ये ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ हा किताब त्यांनी मिळविला. २००३ साली मिलान येथील विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. २००२ सालासाठीचा खेलरत्न पुरस्कार त्यांना आणि धावपटू के. एम. बीनामोल यांना विभागून देण्यात आला.

येथे एका गोष्टीकडे वाचकांचे, विशेषतः मुलींच्या पालकांचे, लक्ष वेधावेसे वाटते. सिडनीत त्या वेदपाठक होत्या, मँचेस्टरला भागवत. म्हणजे त्यांच्या कारकिर्दीचा कळस विवाहानंतर चढला. मुलीचे लग्न ठरले की तिच्या खेळाची पिशवी माळ्यावर टाकायची, हा आपल्या घराघरांतला अलिखित नियम आहे. ज्या समाजात दसऱ्याला शस्त्रे पुजली जातात आणि ज्याच्या देवळांतून महिषासुरमर्दिनी आठही हातांत आयुधे घेऊन उभी आहे, त्या समाजाला आपल्या घरच्या सुनेने खांद्यावर रायफल लटकावून सरावाला जाणे विचित्र वाटावे, याला काय म्हणावे? सुदैवाने भागवतांच्या घरी हा नियम चालला नाही. अशी घरे अपवाद न राहता रीत बनतील तेव्हाच स्त्रियांच्या क्रीडाप्रगतीबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होईल.

नेमबाजीच्या बाबतीत तर स्त्रीचे दुबळेपण हा बचावही टिकत नाही. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये स्त्रिया आणि पुरुष एकत्र स्पर्धा करीत असताना अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉक या स्त्रीने रायफल थ्री पोझिशनमध्ये आपलाच सहकारी लॅनी बॅशम याच्याशी बरोबरी साधली. नियमांच्या काटेकोर हिशेबात सुवर्ण बॅशमला गेले, तेव्हा राष्ट्रगीताच्या वेळी त्याने तिला हात देऊन आपल्या पायरीवर उभे केले. १९९२ साली बार्सिलोनात चीनच्या झांग शान हिने पुरुषांसह सर्वांना मागे टाकून स्कीटचे सुवर्ण जिंकले. महिलांची एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आली ती १९८४ च्या लॉस एंजलिसमध्ये. याचा अर्थ असा, की अंजली वेदपाठक रायफल उचलत होत्या तेव्हा हा प्रकार ऑलिंपिकमध्ये येऊन चारच वर्षे झाली होती. त्यांच्यापुढे भारतीय स्त्रीची पाऊलवाट नव्हती. ती त्यांनाच पाडावी लागली.

या कारकिर्दीत अपयश नव्हते असे भासविण्याचा आमचा हेतू नाही. जागतिक क्रमवारीचे शिखर गाठल्यानंतर अथेन्समध्ये त्यांच्याकडून पदकाची अपेक्षा होती. तेथे अंतिम फेरीही हुकली. २००८ साली बीजिंगमध्ये त्या तिसऱ्यांदा ऑलिंपिकला गेल्या, पण पदकापर्यंत पोचता आले नाही. त्याच बीजिंगमध्ये ११ ऑगस्ट रोजी अभिनव बिंद्राने पुरुषांच्या एअर रायफलमध्ये सुवर्णपदक मिळविले आणि भारतीय नेमबाजीचा सारा प्रकाशझोत तिकडे वळला. सुमा शिरूर यांचेही तेच. २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवून त्यांनी विश्वविक्रमाशी बरोबरी केली. चाळीसपैकी एकही नेम त्या ठिपक्यावरून ढळला नाही. परंतु काही महिन्यांनी अथेन्समध्ये वाट्याला आला तो आठवा क्रमांकच. दीपाली देशपांडे याही अथेन्सच्या चमूत होत्या. मुंबईच्या एका गुरूच्या या तीन शिष्या ऑलिंपिकहून रिकाम्या हातांनी परतल्या.

खरोखरच रिकाम्या हातांनी? आम्ही ज्या हिशेबाची गोष्ट काढली तो येथून पुढे सुरू होतो. सुमा शिरूर यांनी पनवेल येथे ‘लक्ष्य’ ही संस्था उभारली आणि शिकविण्यास प्रारंभ केला. जयपूरची अवनी लेखरा, जिला २०१२ साली मोटार अपघातात अकराव्या वर्षी आपले पाय गमवावे लागले नसले तरी त्यांतले बळ गमवावे लागले, ती त्यांची शिष्या. चाकाच्या खुर्चीवर बसून तिने टोकियो पॅरालिंपिकमध्ये, २०२१ साली, दहा मीटर एअर रायफलचे सुवर्ण जिंकले; पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. २०२४ साली पॅरिसमध्ये तिने ते पुन्हा जिंकले. दीपाली देशपांडे यांचा शिष्य कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे; त्याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळविले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्य आणले त्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या सुपुत्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले, ते या मराठी गुरूच्या हातून. दीपाली देशपांडे यांना २०२४ सालासाठी द्रोणाचार्य पुरस्कार देण्यात आला तो उगीच नव्हे. आणि रमिता जिंदाल सातवी आली तेव्हा तिच्यामागे कोण होते ते आम्ही आरंभीच सांगितले आहे.

हेच ते मूळ मुद्दल आणि हेच त्याचे व्याज. वरळीच्या केंद्रावर एका गुरूने तीन मुली घडविल्या. त्यांतील एकीने दाखवून दिले, की भारतीय स्त्री ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उभी राहू शकते. उरलेल्या दोघींनी आपली विद्या पुढील पिढीच्या हवाली केली. यांपैकी कोणाच्याही गळ्यात ऑलिंपिकचे पदक नाही. परंतु आज भारताच्या पदरात असलेल्या अनेक पदकांचा धागा त्यांच्या हातांतून गेलेला आहे.

यावर कोणी म्हणेल, की आठवा तो आठवा आणि पहिला तो पहिला. खेळात सांत्वनाला स्थान नाही, आणि मर्यादित साधनांच्या देशाने आपला पैसा जिंकणाऱ्यांवरच खर्च करावा. या आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. स्पर्धा म्हटली की जय-पराजय आलाच, आणि अंजली भागवत यांच्यासारख्या खेळाडूला आठव्या क्रमांकाचे कौतुक स्वतःलाही रुचले नसते. प्रश्न कौतुकाचा नाहीच. तो धोरणाचा आहे. पदक मिळाल्यावर सरकारे बक्षिसांच्या रकमा जाहीर करतात, सत्कार होतात, नोकरीत बढती मिळते. २०१४ पासून केंद्राची टार्गेट ऑलिंपिक पोडियम ही योजना आहे. तिचा लाभ निवडक खेळाडूंना होतो आणि झालाही आहे. परंतु हे सारे त्या खेळाडूंसाठी आहे जे शिखराच्या जवळ पोचलेले आहेत. १९८८ सालची अंजली वेदपाठक या योजनेत कोठे बसली असती? तिला हवी होती छात्रसेना, जवळचे केंद्र, उसनी का होईना पण चांगली रायफल, आणि बारा वर्षे न कंटाळणारा गुरू. स्पर्धेची रायफल आजही जर्मनी वा ऑस्ट्रियातून येते, छर्रेसुद्धा निवडून पारखून आणावे लागतात. सामान्य घरातील मुलीला हे परवडणारे नाही. फळांवर पाणी शिंपडून झाड वाढत नाही, ते मुळांशीच घालावे लागते, हे आपल्या बागायतदारांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

त्यातच एक नवे संकट उभे आहे. राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा ही आपल्या नेमबाजांची पहिली मोठी परीक्षा असे. भागवतांची चार सुवर्णपदके तेथली; २००६ साली मेलबर्नमध्ये एअर रायफलची दोन सुवर्णपदके जिंकणारी कोल्हापूरची तेजस्विनी सावंत तेथेच प्रथम चमकली, आणि २०१० साली म्यूनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. परंतु २०२२ च्या बर्मिंगहॅमच्या स्पर्धेतून नेमबाजी वगळण्यात आली आणि ग्लासगोच्या २०२६ च्या कार्यक्रमातही तिला स्थान देण्यात आलेले नाही. मधली पायरीच काढून घेतली गेली, तर नवख्या मुलीने जमिनीवरून थेट गच्चीवर उडी मारायची काय? अशा वेळी देशांतर्गत स्पर्धा, राज्याराज्यांतील केंद्रे आणि महाविद्यालयांतील छात्रसेना यांवरचा भार दुप्पट होतो. तो उचलण्याची सिद्धता कोणत्या राज्याने केली आहे?

हा प्रश्न आम्ही इतरांना विचारतो त्यापूर्वी तो गोव्याला विचारला पाहिजे. २०१४ साली आपण लुसोफोनिया क्रीडास्पर्धा भरविल्या. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरविल्या. पेडे, कांपाल, फातोर्डा येथे क्रीडासंकुले आहेत. यजमानपद आपण उत्तम निभावले. पाहुण्यांची सरबराई हा गोमंतकाचा स्वभावच आहे. परंतु मांडव उतरल्यावर घरच्या लेकरांच्या ताटात काय वाढले, हेही कधीतरी पाहावे लागते. आपले राज्य लहान आहे, एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाला काही तासांत पोचतो. फुटबॉलसाठी प्रत्येक गावात मैदान लागते; दहा मीटर एअर रायफलला एक लांबट दालन, सुरक्षित भिंत, काही रायफली आणि एक जाणता शिक्षक पुरे होतो. केपे, साखळी वा काणकोणच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला बसने जाऊन संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी घरी परतता येईल, अशा अंतरावर हे दालन असावे, एवढीच अपेक्षा आहे. सरकारी क्रीडाधोरणात ती अवास्तव ठरू नये.

पालकांनाही आमचे सांगणे आहे. नेमबाजी मुलीला उग्र बनवीत नाही. ती तिला स्थिर बनवते. श्वास रोखून एका ठिपक्याकडे तासभर पाहणे ही एक प्रकारची साधनाच आहे, आणि तिचा लाभ पदकाविनाही होतो. कुरुक्षेत्राजवळच्या लाडव्याची रमिता, जयपूरची अवनी, दादरच्या महाविद्यालयातली अंजली, यांच्यापैकी कोणालाही वाट तयार मिळाली नव्हती. घरच्यांनी वाट अडविली नाही, एवढेच त्यांचे भाग्य.

२०२८ साली ऑलिंपिक पुन्हा लॉस एंजलिसला भरणार आहे. महिलांच्या एअर रायफलचा आरंभ जेथे झाला तेच हे नगर. तेथे भारतीय तरुणी उभी राहील तेव्हा आपण सारे श्वास रोखून पाहू. तिला पदक मिळो अशी प्रार्थनाही करू. परंतु न मिळाले तर दुसऱ्या दिवशी तिचे नाव पुसून टाकू नये. सिडनीच्या आठव्या क्रमांकाला आपण पुरते विसरलो असतो, तर पॅरिसमध्ये कोणाच्याही खांद्यावर आश्वासक हात ठेवायला कोणी उरले नसते.